मुख्य डबा कुणाकडे

शेंडीला, म्हणजे दोन भावांच्या पाठच्या बहिणीला, चाळिशी उलटल्यावर मूल झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. आईने आशा सोडली होती, शेंडीनेही सोडली होती, फक्त डॉक्टरने सोडली नव्हती. मुलगी झाली, तीही समुद्रापलीकडे. शेंडी तिथल्या इस्पितळात नर्स होती. बाळंतपणाला आईने जाणं शक्यच नव्हतं. तिचे गुडघे अंगणापर्यंत साथ द्यायचे, त्यापुढे त्यांची मर्जी. मग शेंडीने तिकडून पैसे भरून घरी छत्री बसवून दिली. पावसातली छत्री नव्हे, आकाशातून नेट आणणारी. डोंगराच्या त्या बेचक्यात फोनची रेंज कधी आली नव्हती. फोनवर बोलायचं तर वरच्या रस्त्यावर जाऊन, हात उंच करून उभं राहावं लागायचं.

छत्रीला मोकळं आकाश लागतं. घर मुळात एकच, लांबलचक. वडील गेले त्या वर्षी थोरल्याने मधोमध दगडी भिंत घातली आणि एकाची दोन झाली. भिंत त्याने स्वतः बांधली होती, दुसऱ्या कुणावर त्याचा विश्वास नव्हता. थोरल्याच्या छपरावर उंच झाडांची सावली असायची. त्याची आरागिरणी होती आणि कापलेल्या फळ्या उन्हाने तडकू नयेत म्हणून ती झाडं त्याने राखली होती. धाकट्याचं छप्पर उघडं होतं. म्हणून छत्री धाकट्याच्या छपरावर चढली. छत्रीबरोबर आलेला लहानसा राउटर धाकट्याच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला. आणि राउटरसमोर जाऊन बसली आई.

वडील गेल्यापासून आई थोरल्याकडे होती. भांडण तिथून सुरू झालं.

*

थोरल्या सुनेने सकाळी आईची खोली झाडायला घेतली आणि तिचा हात थांबला. पलंगावर उशी नव्हती.

आधी चष्मा गेला होता. तो जायचाच, चष्म्याशिवाय बाळ कसं दिसणार? मग शाल गेली, कारण त्या स्वयंपाकघरात म्हणे खिडकीतून वारा येतो. मग औषधांचा डबा गेला, कारण दुपारची गोळी घ्यायला परत कोण येणार? प्रत्येक वस्तू जाताना काहीतरी कारण सांगून गेली होती. उशी काही न सांगता गेली. उशी गेली म्हणजे माणूस गेलं, असं थोरलीला वाटलं.

ती तशीच झाडू घेऊन गिरणीत गेली. थोरला एका ओंडक्याची साल काढत होता.

"अहो, उशी गेली."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तिकडे. चालत गेली असेल आपल्या पायांनी."

थोरल्याने सालीचा एक लांब पट्टा ओढला. "मान अवघडत असेल तिची तिथल्या खुर्चीत."

"मान! इतकी वर्षं त्या मानेला तेल मी चोळलं. रात्री उठून पाणी मी दिलं. पाय सुजले तेव्हा मांडीवर घेऊन मी बसले. तेव्हा नव्हती आली धाकटीला आठवण. आता नेट आलं, तर आई त्यांची झाली. कुणाच्या घरात काय आहे ते बघून माणूस बदलतं का हो?"

"माणूस नातीला बघायला जातं."

"नातीला बघायला एक घटका लागते. जेवायला कशाला थांबावं लागतं? काल तिने तिथे शेंगा सोलल्या. माझ्याकडे कधी शेंग हातात घेतली नाही."

"तू देतेस का घेऊ?"

थोरलीने त्याच्याकडे पाहिलं. बाजू घ्यायची वेळ आली की हा माणूस लाकडासारखा व्हायचा, ज्या बाजूने ठोकावं तिकडून तोच आवाज. तेवढ्यात पलीकडच्या खिडकीतून धाकटीची हाक आली, "आई, या लवकर! फोन लागला!" आणि मागोमाग आईच्या काठीची टकटक, चांगली घाईची. घरात पाणी प्यायला उठताना ती काठी अशी कधी वाजली नव्हती.

थोरल्याने कोयता खाली ठेवला, कपडे झटकले आणि जाऊन मोठ्या करवतीचा खटका दाबला. करवत गरगरू लागली. बोलणं संपलं, असं सांगायची त्याची हीच रीत होती. थोरली झाडू घेऊन परत फिरली.

*

रविवारी थोरल्याची मुलगी शहरातून आली. ती तिथे फोन, वायरी आणि असल्या सामानाच्या दुकानात कामाला होती, म्हणून घरात सगळे तिला दुकानदारीण म्हणायचे. ती दोन खोकी काखेत मारून सरळ काकाच्या स्वयंपाकघरात शिरली. हे तिच्या आईला, म्हणजे थोरलीला, पहिल्यांदा खटकलं. लेकसुद्धा आधी तिकडेच.

राउटर बदलायचा हे सगळ्यांना पटलं होतं. छत्रीबरोबर आलेला दिवसाआड दगा द्यायचा, आणि द्यायचा तोही नेमका बोलणं रंगात आल्यावर. पडद्यावर शेंडीचं तोंड उघडं राहायचं, हात हवेत थांबायचा, मग सगळं काळं. पुन्हा जोडणी लागेपर्यंत तिची ड्यूटी सुरू झालेली असायची. एकदा तर ती अर्धी शिंक देऊन थांबली आणि उरलेली शिंक कुणालाच कळली नाही.

"बसा सगळे," दुकानदारीण म्हणाली. "बाबा कुठेत?"

"पात्याला तेल घालायला गेलेत," थोरली म्हणाली. "म्हणाले, तुमचं चालू द्या. मला त्यातलं कळत नाही."

"दादाला लाकडातलं सोडून काय कळतं," धाकटा हसून म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा आणि हसणं त्याला सोपं जायचं. सकाळी उठल्यापासून तो आईला काहीबाही सांगून हसवायचा. आईही हसायची, पदर तोंडाला लावून.

पहिल्या खोक्यातून काळा, चपटा आणि वर आठ दांड्या असलेला राउटर निघाला.

"अगं बाई, हे तर उलटं पडलेलं झुरळ," आई म्हणाली.

"हा घेऊ," धाकटा लगेच म्हणाला. "आठ शिंगं आहेत. जुन्याला दोनही नव्हती."

"शिंगं जास्त म्हणजे दूध जास्त का भाऊजी?" थोरलीने विचारलं.

"काकू, आई, दोघी ऐका." दुकानदारीण टेबलाशी टेकली. "हा एकटा. मोकळ्या घरात हा उत्तम. पण आपल्याकडे मधे दगडाची भिंत आहे. लाकडी फळीतून लहर जाते, दगडात मरते. याला शिंगं आठ लावा नाही तर अठरा, भिंतीपलीकडे आजीच्या खोलीत काही पोचणार नाही."

"मग नाही पोचलं तर नाही," धाकटी म्हणाली. "आई इथे येतातच की."

ती हे सहज बोलली, पण ओट्यावर भाजी चिरणारा तिचा हात थांबला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने एकच ऐकलं होतं, थोरली किती करते. नातेवाईक आले की थोरलीच्या घरात चहा प्यायचे आणि जाता जाता हिच्या दारात म्हणायचे, "नशीब काढलं हो सासूबाईंनी, अशी सून मिळाली." तेव्हा ती दारात उभीच असायची. मी मागितली नव्हती का आई? मागितली होती. वाटणीच्या दिवशी थोरली म्हणाली होती, तू लहान आहेस, तुला झेपणार नाही. आता पहिल्यांदा आईने तिच्या स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलल्या. सोलता सोलता लहानपणची एक गोष्ट सांगितली, नदीत वाहून गेलेल्या बकरीची. ती गोष्ट थोरलीला माहीत नव्हती. धाकटीने मुद्दाम विचारून खात्री करून घेतली होती.

"दुसऱ्या खोक्यात काय आहे?" आईने विचारलं.

"जोडी." दुकानदारणीने दोन पांढरे, बरणीएवढे डबे काढून टेबलावर ठेवले. "एक इथे, छत्रीच्या वायरीला. दुसरा तिकडे, आजीच्या खोलीत. दोघांमधून एक वायर भिंतीतून न्यायची. मग दोन्ही घरांत सारखं नेट. जिथे बसाल तिथे आत्या."

थोरलीने खुर्ची पुढे ओढली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बसली. तिने एक डबा हातात घेऊन उलटा केला. खाली चिठ्ठी चिकटवलेली होती. दुकानदारणीनेच दुकानात बसून दोन्ही चालू करून पाहिले होते आणि गोंधळ नको म्हणून पेनाने लिहिलं होतं. थोरलीने मोठ्याने वाचलं, "जोड." मग दुसरा उचलला. "मुख्य."

"हा मुख्य कुठे बसणार?"

"इथे, आई. छत्रीची वायर इथे उतरते ना."

"म्हणजे मुख्य धाकट्यांकडे. आणि आम्ही थोरले असून आमच्याकडे जोड."

"आई, ते नुसतं..."

"मी अडाणी असेन, पण मुख्य म्हणजे काय ते मला कळतं. उद्या हे बंद केलं की आमचं बंद. यांनी दिलं तर आमच्या घरात येणार. मग सासूबाईंशी बोलायलासुद्धा यांच्या दारात उभं राहून विचारायचं, आहे का हो आज चालू?"

"जाऊबाई, मी कशाला बंद करीन?" धाकटी म्हणाली. "आमच्याकडे लहान मनाची माणसं नाहीत."

"आमच्याकडे आहेत, असं का?"

"मी तुमचं नाव घेतलं का?"

"टेबलाशी बसलंय कोण दुसरं?"

"मी आहे," धाकटा म्हणाला. "माझं मन बऱ्यापैकी लहान आहे, वहिनी. ते शिंगवालंच घेऊन टाकू. भिंत फोडायला नको, मुख्य नको, जोड नको."

थोरली त्याच्याकडे वळली. "म्हणजे आई इथेच. सरळ बोला की, भाऊजी."

आई दोघींच्या मधल्या खुर्चीत बसून ऐकत होती. ऐकता ऐकता तिने शाल खांद्यावर नीट घेतली, पाहुण्यांसमोर घेतात तशी. सगळ्यांना वाटत होतं म्हातारीला त्रास होतोय. तसं नव्हतं. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा सासूने तिला एकदाही जवळ बसवलं नव्हतं. नवरा चांगला होता, पण त्याची ओढ गिरणीकडे. मुलं झाली, मोठी झाली, वाटण्या झाल्या. ही तुझी, ती माझी असं भांड्यांवरून झालं, बैलांवरून झालं, आईवरून कुणी भांडलं नव्हतं. वाटणीत ती थोरल्याकडे आली ती पलंगाबरोबर. आता दोन सुना तिच्यावरून खुर्च्या ओढत होत्या. हे काही वाईट नव्हतं. उशी तिने स्वतःच काखेत मारून नेली होती. मानेचं दुखणं नव्हतं. थोरली काय म्हणते ते तिला बघायचं होतं.

*

तेवढ्यात जुना राउटर लुकलुकला आणि टेबलावरच्या पडद्यावर शेंडीचा चेहरा आला.

"काय ठरलं? घेतला का नवीन?"

"तुझ्या वहिन्या ठरवतायत," धाकटा म्हणाला. "बाळ कॉलेजात जाईपर्यंत ठरेल."

"ऐका, ऐका, आधी हे बघा. आज सकाळपासून ती एक करतेय. आई, जवळ ये. चष्मा लाव." शेंडीने बाळाला उचलून पडद्यासमोर धरलं. बाळाने ओठ मुरडले. "थांब, बोललं की करते. ए चिमणे, आजी बघ. आजी..."

बाळाचे गाल वर जायला लागले. आई पुढे वाकली. दोन्ही सुनाही वाकल्या, डोक्याला डोकं लागलं.

छतातला दिवा पिवळा पडला. बाळाचे गाल अर्ध्यात थांबले. राउटरचा दिवा गेला, आणि मागच्या अंगणातून करवतीचा आवाज चढत चढत आला.

"गेलं!" धाकटा टेबलावर हात मारत म्हणाला. "हा डबा आज फेकून देतो."

दुकानदारीण फेकायच्या डब्याकडे बघत नव्हती. ती छतातल्या दिव्याकडे बघत होती. दिवा मंद झाला, मग पुन्हा उजळला. राउटरवर लाल ठिपका आला आणि तो पहिल्यापासून सुरू व्हायला लागला. डबा बिघडलेला नव्हताच. गिरणीची मोटर उठताना घरातली वीज गिळत होती आणि राउटर गुदमरून बंद होत होता. एवढं कळल्यावर ती खिडकीशी गेली.

करवत जोरात फिरत होती. समोरच्या सरकत्या गाड्यावर कापायला ओंडका नव्हता. तिचे वडील खटक्यावर हात ठेवून उभे होते आणि करवतीकडे न बघता या खिडकीकडे बघत होते. तिची नजर पडताच त्यांनी खाली वाकून तेलाचा डबा शोधल्यासारखं केलं. डबा त्यांच्या दुसऱ्या हातात होता.

तिला वाटलं, हे आपण बघायला नको होतं. ती काही बोलणार नव्हती.

पण धाकटा मागे येऊन उभा राहिला होता. "आज रविवार," तो हळू म्हणाला. "रविवारी गिरणी बंद असते. ओंडका कुठे आहे?"

मग सगळ्यांना एकदम आठवायला लागलं. बुधवारी शेंडी अडकली तेव्हा करवत चालू होती. शिंकेच्या दिवशीही. फोनची वेळ रोज वेगळी असायची, शेंडीच्या पाळीप्रमाणे, आणि करवतही नेमकी त्याच वेळी लागायची.

धाकटीने विळी बाजूला सारली. तिचा आवाज शांत होता आणि म्हणूनच जास्त लागला. "तुम्ही सांगता त्यांना, जाऊबाई. खिडकीतून माझी हाक ऐकू आली की तुम्ही सांगता, लावा करवत. आमच्या घरात आई दोन घटका हसतात ते तुम्हाला बघवत नाही."

 थोरलीला यातलं काही माहीत नव्हतं. उशीच्या सकाळचा तो खटका तिला आठवला, त्याने झटकलेले कपडे, आणि काठीची ती घाईची टकटक, जी त्यानेही ऐकली होती. इतके दिवस आपण एकटीच जळतो असं तिला वाटत होतं. रात्री पाठ करून झोपणारा हा माणूस तिच्यापेक्षा जास्त जळत होता, आणि एका शब्दाने बोलला नव्हता. तिला त्याचा राग आला. मग लेकीचा चेहरा दिसला, खिडकीशी पांढरा पडलेला.

"हो," थोरली म्हणाली. "मीच सांगते. मला बघवत नाही. झालं समाधान?"

धाकटीला एवढ्या लवकर हो येईल असं वाटलं नव्हतं. 

"हिला खोटं बोलता येत नाही," आई म्हणाली. "या घरात आल्यापासून हिने एकदाच खोटं बोलून पाहिलं. दूध मांजराने सांडलं म्हणाली. तेव्हा आपल्याकडे मांजर नव्हतं." तिने काठी नातीकडे रोखली. "जा, बापाला बोलाव. करवत बंद करून ये म्हणावं."

*

थोरला दारात उभा राहिला. भुवयांवर भुसा होता. तो धाकट्याच्या घरात क्वचित यायचा आणि आला की उंबऱ्याशीच थांबायचा.

"आत ये," आई म्हणाली. "करवत तू लावतोस?"

"हो."

"हिने सांगितलं म्हणून?"

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. तो काय ते समजला.

"तिला काही माहीत नाही. तिला यात ओढू नका."

"मग का रे? तुझ्या बहिणीची लेक आहे ती. मला हसून दाखवत होती."

थोरल्याच्या हातात अजून तेलाचा डबा होता. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी तो त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आणि तिथेच, डब्याकडे बघत, बोलला.

"तू इथे हसतेस. मला गिरणीत ऐकू येतं. माझ्याकडे इतकी वर्षं राहिलीस. तिकडे मी कधी ऐकलं नाही."

 धाकट्याने एकदा काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"तू कधी हसण्यासारखं काही बोललास का पण?" आई म्हणाली.

दुकानदारणीला हसू आलं आणि ते नाकातून बाहेर पडलं. मग धाकटा हसला. धाकटी ओट्याकडे तोंड करून हसली. थोरलीने पदराने तोंड झाकलं. थोरला तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "नाही बोललो," आणि ते इतकं खरं होतं की हसणारे गप्प झाले.

आईने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग टेबलावरचा पांढरा डबा उचलला. "मला नीट सांग गं दुकानदारणी. मुख्य म्हणजे काय?"

"दोन्ही एकच आहेत, आजी. त्यात थोरलं धाकटं काही नाही. छत्रीची वायर ज्याला लावतो, तो मुख्य. त्याच्यातून दुसऱ्याला जातं."

"म्हणजे सगळा भार याच्या मानेवर."

"हो. हा पडला की दोन्ही बंद."

"मग यात मिरवण्यासारखं काय आहे?"

"ते मला विचारा," थोरली म्हणाली.

तिने ते कुणाला टोचायला म्हटलं नव्हतं. धाकटीने मान वळवून तिच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या डोक्यात आलं, की नातेवाईक थोरलीच्या घरात चहा प्यायचे तेव्हा तो चहाही थोरलीच करत असेल, आई आजारी असतानासुद्धा.

"मुख्य माझ्याकडे राहू दे," धाकटी म्हणाली. "पडला तर शिव्या मी खाईन. थोड्या मलाही खाऊ द्या."

शिंगवालं खोक्यात परत गेलं. जोडी राहिली, आणि वीज कमी झाली तरी डबे चालू राहावेत म्हणून दोन्हीकडे एकेक लहान बॅटरी लावायची ठरली. थोरला म्हणाला, बॅटरी कशाला, मी करवत लावणार नाही. दुकानदारीण म्हणाली, बाबा, तुम्हाला पोटापाण्यासाठी लावावीच लागेल. तेव्हा त्याने मान डोलावली.

*

भिंत त्याच दुपारी फोडायची ठरली. दगड फोडायचं यंत्र थोरल्याकडे होतं आणि दुसरं धाकट्याने शेजाऱ्याकडून आणलं. दोघांनी दोन्हीकडून एकदम सुरू करायचं म्हणजे लवकर होईल, असं गणित धाकट्याने मांडलं. जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, कोपऱ्यापासून हातभर आत. दोघांनी आपापल्या बाजूला खूण केली आणि मधला दगड कुरकुरायला लागला.

आई आपल्या पलंगावर बसून बघत होती. उशी परत आली होती. ती कुणी आणली हे कुणी विचारलं नाही.

थोरल्याचं यंत्र पलीकडे निघालं. थोड्या वेळाने धाकट्याचंही अलीकडे निघालं. भिंतीला दोन भोकं पडली, एकाच्या खाली एक, मधे वीतभर अंतर.

थोरल्याने खाली बसून आपलं माप पुन्हा घेतलं. बरोबर होतं. पलीकडून धाकटा ओरडला, "दादा, माझं बरोबर आहे!" दोघांचंही बरोबर होतं. धाकट्याने मागच्या वर्षी जुन्या जमिनीवर भर घालून नवी फरशी बसवली होती आणि त्याची जमीन तेवढी वर आली होती. दोघांनी आपापल्या जमिनीपासून मोजलं होतं. पण हे कळायला अजून वेळ होता. थोरला दोन भोकांकडे टक लावून बघत होता.

"मी नीट मोजलं," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "भिंतच चुकली असणार."

"भिंत?" आई म्हणाली.

"हो. बांधणाऱ्याने कुठेतरी घोळ केलाय."

"अरे, ती तूच बांधलीस ना!"

आणि आई हसायला लागली. पदर तोंडाशी न्यायलाही तिला सुचलं नाही. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा मांडीवर पडला. थोरल्याने आधी चेहरा पाडला. तो विनोद करत नव्हता. मग त्याने आईकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि हातातलं यंत्र बाजूला ठेवून जमिनीवर बसला. तोही हसायला लागला. त्याला सवय नव्हती, खोकल्यासारखं हसला. थोरली दारातून बघत होती. ती आत आली नाही. हे हसू तिच्यासाठी नव्हतं, हे तिला कळलं. थोडं लागलंही.

वायर वरच्या भोकातून गेली. संध्याकाळी शेंडीचा फोन आला तेव्हा बाळ झोपलेलं होतं. उठवू का, शेंडीने विचारलं. आई नको म्हणाली. झोपलेल्या बाळाच्या मुठी दिसत होत्या, श्वासाबरोबर पांघरूण वरखाली होत होतं. आई आणि थोरला पलंगावर शेजारी शेजारी बसून ते बघत राहिले. थोरल्याने बाळाच्या कानाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, हा वडिलांचा कान आहे. आई म्हणाली, गप, तुझा आहे.

खालचं भोक तसंच राहिलं. त्यातून वायर गेली नव्हती, पण आवाज यायचा. धाकटी ओट्याशी उभी होती. तिच्या समोर नवा मुख्य डबा हिरवा दिवा लावून बसला होता, टेबल मोकळं होतं, आणि आईची खुर्ची रिकामी होती. पलीकडून पुटपुटणं आलं, मग आईचं हसू. काय बोलले ते कळलं नाही. बकरीची गोष्ट सांगत असेल का? धाकटीने हाताला लागलेलं एक जुनं फडकं घेतलं, त्याचा बोळा केला आणि खाली बसून त्या भोकात कोंबला. हसू बंद झालं. घर एकदम इतकं गप्प झालं की तिला आपलाच श्वास ऐकू आला. ती तशीच थोडा वेळ बसून राहिली. मग तिने फडकं ओढून काढलं, झटकलं, आणि जमिनीवर तिथेच भाजी निवडायला घेतली.

पुढे आईने दोन्ही घरांत दिवस काढले, मर्जीला येईल तसे, आणि दोघी सुना शेवटपर्यंत एकमेकींकडचे दिवस मनात मोजत राहिल्या.

भिंत फोडली त्याच्या पुढच्या वर्षी थोरला मार्च महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, गिरणीच्या दारात हृदय बंद पडून गेला. आई तेव्हा जिवंत होती. ती त्यानंतर सहा वर्षांनी, ऑक्टोबरात, धाकटीच्या घरी वारली.